सील गळत नाही, म्हणजे फोर्क ऑइल चांगलंच आहे?

‘पुढच्या शॉकअपचं सील गळत नाही, तोवर आतल्या तेलाला हात लावायची गरज नाही,’ असा मेसेज बाइकवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे. इंजिन ऑइलची पातळी काचेतून किंवा काडीवर दिसते, फोर्कमधलं, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांमधलं, हे तेल दिसतच नाही.

पण तेल गळणं वेगळं आणि खराब होणं वेगळं. गाडी आदळली की स्प्रिंग दबते, आणि तिची उसळी आवरायचं काम तेल करतं, बारीक छिद्रांतून जोराने जात. प्रत्येक खड्ड्याला ते असं रगडलं जातं. स्प्रिंग आणि बुशच्या (नळ्या ज्यांवरून सरकतात त्या कड्यांच्या) घासण्याने धातूचा बारीक कीस त्यात मिसळतो, थोडा ओलावाही शिरतो. हळूहळू ते पातळ, करडं होतं. सील मात्र कोरडंठाक! बदल इतका सावकाश होतो की चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. मग एखाद्या दिवशी कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढचा भाग भसकन खाली जातो.

घरीच बघा. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबा आणि सोडा. पुढचा भाग वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा झुलला तर तेल थकल्याची शंका घ्या. खात्री मात्र बाहेर काढलेल्या तेलाच्या रंगावरून आणि वासावरून होते.

तेल बदलताना ग्रेड (तेलाचा दाटपणा) आणि फोर्कच्या दर पायाचं, म्हणजे एकेका नळीचं, मिलिलिटरमधलं माप मॅन्युअलमधूनच घ्या. ‘थोडं जास्त’ टाकलं तर आतली हवेची जागा कमी होते, फोर्क कडक होतो आणि सीलवर दाब वाढतो.