राजाची तिजोरी, पार्लमेंटची किल्ली

इंग्लंडच्या राजाने पार्लमेंट बोलावले की बहुतेक वेळा त्याचा अर्थ एकच असे: त्याला पैसे हवे आहेत. आणि सभासद जमले की आधी तक्रारींची यादी पुढे करत, मग रकमेचे बोलत. राजा आणि पार्लमेंट यांच्या झगड्यात धर्माचा वाटा मोठा होता, हट्टी स्वभावांचाही होता. पण दर वळणावर गाठ पडते ती कराशी.

1215 साली जॉन राजाने फ्रान्समधल्या मोहिमांसाठी सरदारांना पिळून काढले होते. रनीमीडच्या कुरणात त्यांनी त्याच्याकडून जी सनद घेतली, तिच्यात राज्याच्या संमतीशिवाय काही विशिष्ट कर बसवू नयेत असे कलम होते. पुढच्याच वर्षी सनद नव्याने काढताना ते गाळले गेले. विचार मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस सरदारांबरोबर परगण्यांचे आणि शहरांचे प्रतिनिधीही बोलावले जाऊ लागले, कारण पैसा त्यांच्याकडेही होता.

खरी ठिणगी पडली पहिल्या चार्ल्सच्या काळात. नव्या राजाला जकातीचे उत्पन्न तहहयात देण्याची जुनी रीत होती. 1625 मध्ये कॉमन्सने, म्हणजे पार्लमेंटच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने, ते फक्त एका वर्षापुरते देऊ केले. चार्ल्सने मग जकात मंजुरीविना वसूल केली, सक्तीची कर्जे काढली आणि न देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. अशा वसुलीला आणि कैदेला विरोध करणाऱ्या पार्लमेंटच्या 1628 च्या हक्कांच्या अर्जाला त्याने नाइलाजाने मान्यता दिली. दुसऱ्या वर्षी सभा तहकूब करायला निघालेले सभापती जॉन फिंच यांना सभासदांनी खुर्चीत दाबून धरले आणि राजाविरुद्धचे ठराव मांडले. त्यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरलेच नाही.

या काळात राजाचा आधार होता जहाजपट्टी. युद्धाच्या धोक्यात किनाऱ्यावरच्या गावांनी आरमारासाठी द्यायची ही जुनी पट्टी 1635 पासून समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही बसली. बकिंगहॅमशरच्या जॉन हॅम्पडेन यांनी वीस शिलिंग द्यायला नकार दिला. एवढी रक्कम त्या सधन जमीनदाराला सहज झेपली असती, प्रश्न हक्काचा होता. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले. त्या सातांत एक होते तेच जॉन फिंच, आता सरन्यायाधीश झालेले! निकाल राजाचा लागला, पण वसुली त्यानंतर ढासळत गेली.

स्कॉटलंडवर इंग्लिश धाटणीचे प्रार्थनापुस्तक लादण्याच्या नादात युद्ध ओढवले आणि 1640 मध्ये चार्ल्सला पुन्हा पार्लमेंटच्या दारात यावे लागले. 4 जानेवारी 1642 रोजी तो शिपाई घेऊन पाच सभासदांना पकडायला कॉमन्समध्ये शिरला. ते आधीच निसटले होते. ते कुठे आहेत असे विचारल्यावर सभापती लेंथॉल गुडघे टेकून म्हणाले की, या जागी मला सभागृह सांगेल त्यापलीकडे पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही. त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि 30 जानेवारी 1649 रोजी राजाचा शिरच्छेद झाला. गंमत अशी की, या युद्धासाठी पार्लमेंटने बसवलेले कर जहाजपट्टीपेक्षा कितीतरी जड होते. पुढे पार्लमेंटच्याच फौजेचा सेनापती क्रॉमवेल यानेही सैनिक आणून सभागृह रिकामे केले.

1660 मध्ये परदेशातून परतून गादीवर आलेला पहिल्या चार्ल्सचा मुलगा दुसरा चार्ल्सही कायम कडकाच. पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या विवाहाच्या करारात मिळालेले मुंबई बेट त्याने 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. 1670 मध्ये त्याने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी गुप्त तह करून पैसे घेतले, कारण परक्या राजाकडून आलेल्या पैशाला पार्लमेंटची मंजुरी लागत नव्हती.

त्याचा भाऊ दुसरा जेम्स याला 1685 मध्ये पार्लमेंटने तहहयात भरघोस उत्पन्न दिले. त्याचे निभत असल्याने त्याच वर्षाच्या अखेरीनंतर त्याने पार्लमेंटची बैठक भरवलीच नाही. 1688 मध्ये त्याला पळून जावे लागले आणि त्याची मुलगी मेरी व तिचा नवरा विल्यम गादीवर आले. 1689 च्या हक्कांच्या सनदेने मंजुरीविना कर आणि शांततेच्या काळात मंजुरीविना खडी फौज, दोन्ही बेकायदा ठरवले. माझ्या मते त्याहून परिणामकारक ठरला तो 1690 चा कोरडा हिशेबी निर्णय: जकात चारच वर्षांसाठी. फ्रान्सशी लढणाऱ्या विल्यमला दरवर्षी पार्लमेंट भरवणे भाग पडले. 1698 पासून राजाच्या घरखर्चाची रक्कमही तेच ठरवू लागले, आणि 1708 मध्ये ॲन राणीने स्कॉटलंडच्या नागरी सेनेचे विधेयक नाकारले, त्यानंतर कोणत्याही राजाने किंवा राणीने पार्लमेंटच्या विधेयकाला संमती नाकारलेली नाही.