गाडी ऑइल खायला लागली की ओततो ते औषध मुळात आलं कुठून

जुनी गाडी ऑइल खायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो, अमुक डबा आण, ऑइलमधे ओत आणि बघ फरक पडतो का. इंजिन खोलायचं म्हणजे मोठा खर्च, डबा त्यामानाने स्वस्त, म्हणून माणूस ओततो. कधी धूर खरंच कमी होतो, कधी काहीच होत नाही, आणि मग दोन तट पडतात, एक म्हणणार जादू आहे आणि दुसरा म्हणणार शुद्ध फसवणूक. मला विचाराल तर दोघांनाही अर्धीच गोष्ट माहीत असते, कारण ऑइल अ‍ॅडिटिव्ह या एकाच नावाखाली तीन अगदी वेगळी औषधं विकली जातात, ती वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या दुखण्यांवर निघाली, आणि आपल्या गाडीचं दुखणं कुठलं हे न बघता ओतलं तर उपयोग झाला काय न झाला काय, सगळा नशिबाचा भाग.

अगदी सुरुवातीला गाडीनं ऑइल खाणं हा दोष मानतच नव्हते. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी घ्या, तिला ऑइल पंप नव्हता, फिल्टर नव्हता, फिरणारे भाग ऑइल उडवायचे आणि ते जिथे पोचेल तिथे पोचायचं. मोटारीचा ऑइल फिल्टर आला तोच १९२३ मधे, अर्नेस्ट स्वीटलँड यांचा प्युरोलेटर. पिस्टन रिंग, म्हणजे पिस्टनभोवती बसणारं एका जागी चिरलेलं धातूचं कडं, तर त्याहून कितीतरी जुनी, जॉन रॅम्सबॉटम यांनी १८५० च्या दशकात वाफेच्या इंजिनासाठी काढलेली, पण तिचं काम दाब धरायचं. सिलेंडरच्या भिंतीवरचं जादा ऑइल खरवडून खाली पाठवणारी वेगळी ऑइल रिंग मोटारीत नंतर रुळली, आणि हीच रिंग आपल्या गोष्टीतली मुख्य पात्र आहे, कारण ती अडकली की गाडी ऑइल प्यायला लागते.

त्या काळचं ऑइल म्हणजे जमिनीतून काढलं, शुद्ध केलं आणि डब्यात भरलं, आत दुसरं फारसं काही नाही. ते गरम होऊन जळायचं, गाळ धरायचं, रिंगांच्या खाचेत काजळी घट्ट बसायची. म्हणून वेगळ्या बाटलीला तेव्हा खरोखर अर्थ होता हे आपण विसरतो! मार्व्हल मिस्ट्री ऑइल १९२३ चं, ते एका कार्ब्युरेटर बनवणाऱ्यानंच काढलं. आज अ‍ॅडिटिव्हच्या धंद्यातलं मोठं नाव असलेली लुब्रिझॉल १९२८ मधे क्लीव्हलँडला सुरू झाली आणि तिचा पहिला माल गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा कुरकुर आवाज बंद करायला होता. १९३० च्या दशकात ट्रॅक्टर बनवणाऱ्या कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत रिंगा चिकटायला लागल्या तेव्हा ऑइल कंपन्यांनी त्यावर डिटर्जंट, म्हणजे काजळी धुवून काढणारी रसायनं, ऑइलमधेच मिसळायला सुरुवात केली, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण हेच. १९३९ मधे अमेरिकेत बार्डाल आणि विन्स या दोन्ही अ‍ॅडिटिव्हच्या कंपन्या निघाल्या, आणि १९४२ च्या सुरुवातीला युद्धामुळे तिथे साध्या गिऱ्हाइकासाठी नवीन गाड्या बनवणंच बंद झालं ते थेट १९४५ पर्यंत. आहे तीच झिजलेली गाडी रेटायची म्हटल्यावर इंजिन न उघडता काही होतंय का हा प्रश्न घरोघरी येणारच.

युद्धानंतर चित्र पालटलं. १९४७ मधे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं मोटारीच्या ऑइलचे तीन वर्ग केले, रेग्युलर म्हणजे साधं, प्रीमियम म्हणजे लवकर खराब न होणारं आणि हेवी ड्यूटी म्हणजे डिटर्जंटवालं. पुढच्या वर्षांत साफ करणारं, झीज थांबवणारं, गाळ न धरू देणारं सगळं हळूहळू रोजच्या ऑइलमधेच आलं. मग वेगळ्या बाटलीसाठी उरलं काय? उरलं ते ऑइल दाट करणं, आणि हेच आपल्या तीन औषधांतलं पहिलं.

१९५४ मधे मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफला एसटीपी सुरू झाली, नावाचा अर्थच सायंटिफिकली ट्रीटेड पेट्रोलियम. १९६१ मधे ती स्टुडबेकर-पॅकार्ड या मोटार कंपनीनं घेतली, १९६३ मधे अँडी ग्रॅनाटेली प्रमुख झाले आणि त्यांनी एसटीपीचं लाल स्टिकर रेसिंगच्या जगात सगळीकडे पोचवलं, १९६९ ची इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत मारिओ अँड्रेटी यांनी जिंकली ती एसटीपीच्याच गाडीतून. असल्या दाट औषधांतला मुख्य घटक म्हणजे पॉलीआयसोब्युटिलीन, मधासारखं चिकट पॉलिमर, १९३० च्या दशकात जर्मनीत तयार झालेलं. ते ऑइलमधे मिसळलं की ऑइल दाट होतं, मग झिजलेल्या रिंगांच्या आणि व्हॉल्व्ह गाइडच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो त्या नळीच्या, फटीतून कमी झिरपतं, आवाजही जरा बसतो. म्हणजे परिणाम खोटा नसतो, झिजलेल्या इंजिनात तो दिसतो. पण फट तेवढीच राहते, शिवाय इंजिनातल्या रगड्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि दाटपणा उतरतो, आणि पुढचं ऑइल बदललं की औषधही त्याच्याबरोबर गेलं. याच गुणामुळे जुनी गाडी विकताना चार दिवस धूर दाबायलाही ते वापरलं गेलं, आणि या मालाचं नाव खराब व्हायला हे एक मोठं कारण, मला याची खरंच चीड येते कारण भोगतो तो पुढचा घेणारा.

मग सरकार मधे आलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर, म्हणजे खोट्या जाहिरातींवर कारवाई करणाऱ्या सरकारी संस्थेबरोबर, १९७८ मधे एसटीपीनं ७ लाख डॉलरची तडजोड केली, वाद नेमका ऑइल कमी लागतं या जाहिरातीतल्या दाव्यावर होता आणि ज्या रोड टेस्टवर दावा उभा होता त्या भरवशाच्या नाहीत असा आक्षेप होता. कंपनीनं चूक मान्य केली नाही, पण तडजोड झाल्याचं सांगणाऱ्या नोटिसा तिला पैसे भरून छापाव्या लागल्या. पुढे १९९० च्या दशकात टेफ्लॉनच्या जातीतला पदार्थ घातलेल्या स्लिक ५० वरही कमिशननं कारवाई केली, तो दावा झीज कमी होते असा होता, ऑइल कमी लागतं असा नव्हता, पण लोकांच्या डोक्यात सगळे डबे एकच झाले.

दुसरं औषध रबरासाठी. व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटं सील असतं, जुन्या गाड्यांत ते नायट्राइल रबराचं असायचं, वर्षानुवर्षं उष्णतेनं ते कडक होतं आणि गाडी रात्रभर उभी राहिली की ऑइल हळूहळू खाली उतरतं, म्हणून सकाळी स्टार्टला निळा धूर येतो आणि मग थांबतो. यावर एस्टरसारखी रसायनं ऑइलमधे घालतात, ती रबरात मुरून ते थोडं फुगवतात आणि मऊ करतात. कडक झालेल्या सीलला फायदा होतो, चिरलेल्याला अजिबात नाही. हीच कल्पना २००० मधे व्हॅल्व्होलिन या ऑइल कंपनीनं मॅक्सलाइफ नावानं ऑइलमधेच घालून आणली, ७५ हजार मैलांच्या पुढच्या गाड्यांसाठी, आणि तिथून हाय मायलेज ऑइल हा प्रकार रूढ झाला. म्हणजे परत तेच, बाटलीतलं औषध रोजच्या ऑइलमधे गेलं.

तिसरं साफ करणारं, आणि आज मला सगळ्यात कामाचं वाटतं ते हेच. इंधन वाचवायला कंपन्यांनी रिंगांचा ताण कमी केला आणि ऑइल पातळ केलं, घर्षण घटलं, पण ऑइल रिंगमागची बारीक भोकं काजळीनं बुजायला लागली. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनाची गोष्ट प्रसिद्ध आहे, २००७ ते २००९ च्या काही गाड्या ऑइल पीत होत्या आणि शेवटी कंपनीनं वाढीव वॉरंटीत पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. अशा इंजिनात बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, झिजलेला नसतो, रिंग फक्त अडकलेली असते, त्यामुळे दाट ऑइल ओतून काहीच सुटत नाही, काजळी विरघळली तर सुटतं. २०२४ मधे व्हॅल्व्होलिननं रिस्टोर अँड प्रोटेक्ट आणलं तेही पिस्टनवरची काजळी काढायच्याच दाव्यानं, आणि तेसुद्धा एका ओतण्यात नाही, लागोपाठ ऑइल बदलांत वापरायचं.

आणि १९६० च्या दशकात आलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह, इंजिनातली वाफ परत इनटेकमधे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, नेणारा, तो बिघडला तरी गाडी ऑइल ओढते, त्यामुळे कुठलाही डबा घ्यायच्या आधी तो बघावा असं मी कळकळीनं सांगेन, छोटासा भाग आहे आणि त्याच्यावर संशय घ्यायचंच राहून जातं. कारण चुकीचं औषध आता पूर्वीसारखं निरुपद्रवी राहिलेलं नाही. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस धुरातली घाण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून तर ऑइलमधल्या फॉस्फरसवर मर्यादा आली, आणि ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ ऑइलवर चालायला बनवलेल्या, व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या बारीक वाटांतून मधासारखं दाट ऑइल थंडीत नीट पुढे सरकतच नाही. १९५४ च्या इंजिनाला असल्या वाटाच नव्हत्या.