खऱ्या राजाचा चेहरा, हीणकस सोनं

नाणं दातानं चावून सोनं ओळखायचं, हा समज सिनेमांनी पक्का केला आहे. शिसं सोन्याहून मऊ असतं, त्यामुळे दाताची खूण उमटली एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही.

सप्तवार्षिक युद्धात (१७५६–६३) जर्मन राज्यांतल्या व्यापाऱ्यांना सोनं ओळखण्याची ही परीक्षा खरोखर द्यावी लागली. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं १७५६ मध्ये सॅक्सनी घेतलं आणि लाइपझिगची टांकसाळही ताब्यात घेतली. तिथं शत्रूचीच नाणी पाडली जाऊ लागली. वर चेहरा ऑगस्टस तिसरा याचा, म्हणजे सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा, जो वॉर्सात जाऊन बसला होता, त्याचा. चांदीच्या नाण्यांवर तर १७५३ हे लढाईपूर्वीचं साल कोरलं. राजाचा चेहरा म्हणजे धातूच्या शुद्धतेची हमी, आणि फ्रेडरिकनं ती हमीच पळवली. सोन्याच्या पाच टॅलरच्या (टॅलर हे तेव्हाचं जर्मन चलन) नाण्यांतही हीण मिसळलं गेलं.

ते ओळखणं अवघड का, हे बघण्यासारखं आहे. चांगल्या फ्रेडरिक-दोर नाण्याचं, म्हणजे प्रशियाच्या पाच टॅलरच्या सोन्याच्या नाण्याचं, वजन ६.६८ ग्रॅम, त्यात सोनं सुमारे ९०.६ टक्के. हीणकस नाणंही जवळजवळ तेवढंच भरे, म्हणून नुसता तराजू उपयोगाचा नाही. तांबं मिसळलं की सोनं लालसर होतं, चांदीनं फिकटतं. दोन्ही मिसळली तर पिवळेपणा बराचसा टिकतो. चांदी-तांब्याच्या भेसळीत फसत नाही ती घनता. सोन्याची १९.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९६ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर). मिश्रधातूची घनता काढताना या आकड्यांची सरळ सरासरी चालत नाही; प्रत्येक धातूचं वजन त्याच्या घनतेनं भागून आकारमानांची बेरीज करायची. चांगल्या नाण्यातला उरलेला भाग तांब्याचा धरला तर आकारमान येतं ०.३८ घन सेंटिमीटर. आता समजा, सोनं ६० टक्केच आहे आणि उरलेलं निम्मं चांदी, निम्मं तांबं. आकारमान ०.४८ होतं, म्हणजे तब्बल पाव पटीनं जास्त! पण २४ मिलिमीटर व्यासाच्या नाण्यात हा फरक जाडीत जेमतेम ०.२ मिलिमीटर दिसतो. गर्दीच्या बाजारात एवढं कोण मोजणार?

युद्धानंतर प्रशियानं १७६४ मध्ये जुनी शुद्धता परत आणली आणि हीणकस नाणी आटवली गेली. टांकसाळीचे ठेकेदार एफ्राइम आणि इत्सिग ज्यू होते. बाहेर फ्रेडरिक, आत एफ्राइम, असं लोक म्हणू लागले. हुकूम राजाचा, त्या पैशावर लढाई राजाची, आणि बदनामी ठेकेदाराच्या जमातीची. हा अन्याय नाण्यांच्या इतिहासात नीट नोंदवायला हवा.

'जुनं नाणं विका, लखपती व्हा' असे मेसेज येतात, त्यांना भुलू नका. सोन्याचं म्हणून कुणी जुनं नाणं दाखवलंच, तर ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा आणि बारीक दोऱ्यानं नाणं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरा. नाणं ६.६८ ग्रॅमचं फ्रेडरिक-दोर असेल, तर काटा ०.३८ दाखवतो की ०.४८? नाण्याला चिकटलेले बुडबुडे मात्र आधी झटकून टाका, नाहीतर चांगलं सोनंही हीणकस ठरेल. टंगस्टनचा गाभा असेल तर हा प्रयोगही फसतो, कारण त्याची घनता जवळजवळ सोन्याइतकीच, १९.२५ आहे.