पंचनिर्णय (बेळगाव सीमाभाग)

पंचनिर्णय : गावाने, भावकीने किंवा संस्थेने आधी मान्य केलेल्या मूल्यांना साक्षी ठेवून सर्वसंमतीने निर्णय घेण्याची पद्धत. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी पट्ट्यात ती मुख्यतः देवस्थान पंच कमिटीच्या रूपाने टिकून आहे. ग्रामपंचायत निवडणुकीने येते. पंच कमिटी लोकांच्या मान्यतेवर चालते.

या पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत कन्नड कोरीव लेखांचा आधार घेते. सौंदत्तीच्या रट्ट राजघराण्याच्या काळातील, इ. स. 1204 च्या सुमाराच्या बेळगाव येथील लेखात व्यापारी समूहांनी जिनालयासाठी (जैन मंदिरासाठी) आपल्या मालावर स्वखुशीने पट्टी बसवून घेतल्याची नोंद आहे. त्यांत लाट (दक्षिण गुजरात) व मलयाळ (केरळ) देशांचे व्यापारीही आहेत. भिन्न भाषांचे लोक धर्मकार्यासाठी एकत्र बांधून घेत, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. गावच्या निवाड्याशी मात्र त्याचा थेट सांधा जुळत नाही. दुसरे मत मराठा अमदानीतील गोतसभेकडे, म्हणजे वतनदार व गावकऱ्यांच्या सभेकडे, जाते. इतिहासकार वि. त्र्यं. गुणे यांच्या मांडणीप्रमाणे गोत व मजलस (हिच्यात सरकारी अधिकारीही बसत) या जुन्या सभा असून, नेमलेल्या पंचांची पंचायत बहुधा अठराव्या शतकात पुढे आली. हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण त्यामागे महजरांचा भक्कम पुरावा आहे.

महजर म्हणजे सभेच्या निवाड्याचा लेख. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगर आणि बलुतेदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या हत्याराची निशाणी असे. वाद ऐकण्यापूर्वी साक्षीदाराला शपथ घालीत. बेलभंडार (देवाचे बेलपान व भंडारा) उचलून खोटे बोलणे हे महापातक समजले जाई. साक्षीपुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्य करण्याचा मार्ग होता : उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा आणि हात भाजला की नाही यावरून खरेखोटे ठरवायचे. अपराधाच्या निर्णयाची ही रीत आज कोणालाही समर्थनीय वाटणार नाही; परंतु सत्याची बांधिलकी आधी आणि तंट्याचा विचार नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे. 1827 च्या एल्फिन्स्टन नियमावलीनंतर न्यायदान कोर्टाकडे गेले आणि पंचांकडे देवस्थान, यात्रा, पाणी, बांध, भावकीतल्या वाटण्या एवढेच उरले.

सांप्रत या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे वार पाळणूक. गावच्या लक्ष्मीच्या यात्रेपूर्वी ठरावीक मंगळवारी, काही गावांत शुक्रवारीही, शेतात औत घालायचे नाही, असा नियम गावसभेत ठरतो. देवळाच्या सभामंडपात बैठक बसते, देवाला गाऱ्हाणे (सामूहिक प्रार्थना) घातले जाते, मग पंच विषय काढतात. पेरणी तोंडावर असेल तर वाफसा (पेरणीजोगी ओल) निघून जाण्याची धास्ती असते. रोजावर जगणाऱ्याची मजुरी बुडते. हे सारे बोलून दाखवले जाते आणि वार किती पाळायचे हे त्यातून ठरते. हात वर करून मोजणी सहसा होत नाही. एखादा अडून बसला तर पंच त्याच्या घरी जाऊन समजूत काढतात, कारण यात्रेत फूट पडणे हे गावाला कमीपणाचे वाटते. तरीही पेच सुटेना, तर खानापूरच्या जंगलपट्ट्यातील काही गावांत देवाला कौल लावण्याची प्रथा आढळते.

या सर्वसंमतीला मोठी मर्यादा आहे. बायका आणि दलित वस्तीतले लोक बैठकीत क्वचितच असत. त्यांच्याविना झालेल्या ठरावाला सर्व गावाचा ठराव म्हणणे अन्यायाचे आहे. पंचांचे न ऐकणाऱ्याला वाळीत टाकण्याचा मार्गही याच व्यवस्थेतून निघाला. त्याविरुद्ध महाराष्ट्राने 2016 मध्ये स्वतंत्र कायदा मंजूर केला. तो सीमेपलीकडच्या चंदगडला लागू आहे, बेळगाव-खानापूरला नाही.

सहकारी पतसंस्था व युवक मंडळांतही ही सवय उतरलेली दिसते. पोटनियमांत बहुमताची तरतूद असते. प्रोसिडिंग बुकात मात्र बहुतेक ठरावांखाली ‘सर्वानुमते मंजूर’ असा शेरा आढळतो.