करप्याचं औषध आणि ८०० ग्रॅमचं बाळ

रावेर-यावलच्या केळीवाल्याला प्रोपिकोनाझोल समजावून सांगावं लागत नाही. पानावर करपा दिसला की पाठीवर पंप चढतोच. पण त्याच्याच घरचं ८०० ग्रॅमचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असेल आणि रक्तात कॅन्डिडा बुरशी निघाली म्हणून डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल लिहिलं, तर दोन्ही नावांचं शेपूट सारखं कसं? कारण दोन्ही औषधं बुरशीची एकच नस दाबतात.

जिवाणू आपल्यापासून फार वेगळे, म्हणून अँटिबायोटिक त्यांना मारून आपल्याला सोडतं. बुरशीची पेशी मात्र आपल्यासारखीच, केंद्रकवाली. तिला मारायला जावं तर घाव आपल्यावरही बसतो. कामाचा फरक सापडतो पेशीच्या पडद्यात: आपल्याकडे कोलेस्टेरॉल, तिच्याकडे एर्गोस्टेरॉल. लॅनोस्टेरॉलपासून एर्गोस्टेरॉल घडवणारं एक विकर असतं, १४-अल्फा-डीमेथिलेज. 'अझोल' औषधं त्याच्या लोहाला चिकटून काम बंद पाडतात. मग पडद्यात अर्धवट घडलेले रेणू भरतात आणि बुरशीची वाढ खुंटते. अॅम्फोटेरिसिन बी त्याहून आडदांड. ते तयार एर्गोस्टेरॉलच पडद्यातून ओढून घेतं. ते फक्त भोकं पाडतं, असं आम्ही शिकलो होतो. २०१४च्या संशोधनाने स्पंजाचं चित्र पुढे आणलं. थोडं आपल्या कोलेस्टेरॉललाही ते धरतं, म्हणून मूत्रपिंडाला त्रास. २०२१मध्ये काळ्या बुरशीसाठी लोक ज्या इंजेक्शनमागे धावत होते ते हेच, फक्त चरबीच्या वेष्टणातलं. गंमत अशी, की साधं अॅम्फोटेरिसिन मोठ्यांपेक्षा नवजात बाळं बरं सोसतात.

बाहेर बाकावर आजी म्हणते, "पोऱ्याले नजर लागी गयी." नजर नव्हे, आजी. कातडी कागदासारखी पातळ, शिरेत नळी, आणि जीव वाचवायला दिलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातले जिवाणू मारून बुरशीला मोकळं केलेलं रान. (जिभेवरचे पांढरे चट्टे हे वेगळं, बहुधा साधं दुखणं, पण त्यावर मध चोळू नका.)

आत सिस्टर अॅम्फोटेरिसिनची पिवळी पूड विरघळवतेय. कुपी ५० मिलिग्रॅमची, बाळाचा दिवसाचा डोस ०.८ मिलिग्रॅम. सलाइनमध्ये औषध फुटतं, गढूळ होतं, म्हणून ग्लुकोजच. शिरेतली नळीही काढावी लागते, कारण बुरशी तिच्यावर थर धरून बसते. बुरशी तिथेही पोचली का, हे पाहायला पाठीतलं पाणी आणि डोळे तपासायचे. "दूध पचतंय, आता घरी नेऊ?" बाप विचारतो. रक्ताच्या कल्चरमध्ये बुरशी उगवली नाही, त्या दिवसापासून १४ दिवस मोजायचे. कालच्या कल्चरमध्ये ती उगवली आहे.