शिंगरांच्या मानेच्या सांध्यांची दुखापत व उपचार

घोड्याच्या मानेत सात मणके असतात. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक जोडीत डावा-उजवा असे दोन लहान सांधे असतात. मोहरकी (तोंडावरची दोरी) ओढली जाताच शिंगरू मागे उलटले किंवा सरावात घोडा तोंडघशी पडला, तर मणक्याला वा या सांध्यांना इजा होऊ शकते. सांधा सुजून मज्जारज्जूवर दाब आला, तर मानेचे दुखणे पायांत दिसते. घोडा मागून झोकांड्या खातो, लहान गोलात फिरवला की बाहेरचा मागचा पाय दूर फेकतो. चालताना शेपूट बाजूला ओढली तर निरोगी घोडा प्रतिकार करतो, दुखावलेला कलंडतो. मानेची लवचिकता पाहायला गाजर पुरते: त्यासाठी तोंड कुशीपर्यंत वळते का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्यांत थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे) घोडे दोन वर्षांचे असतानाच शर्यतीच्या तयारीला लागतात. ही वाढ झपाट्याने होण्याची वेळ. मज्जारज्जूची नळी अरुंद असण्याचा दोषही याच वयात उघडा पडतो. मात्र मागचे पाय लटपटले म्हणजे मानच दुखावली असे नाही. आपल्याकडे डासांमार्फत पसरणाऱ्या सेटारिया कृमींच्या अळ्यांमुळे होणारी ‘कुमरी’ आणि रक्तातील परजीवींमुळे होणारा सर्रा हे रोगही आधी तपासावे लागतात. मानेचा एक्स-रे उभ्या घोड्याचा काढता येतो, पण खांद्याजवळचे शेवटचे मणके जाड स्नायूंमुळे नीट दिसत नाहीत.

उपचाराचा पाया म्हणजे विश्रांती. घोडा पागेत बंद, चंदी (दाणा) छातीच्या उंचीवर, मान ओढणारे दावे नाही. सुरुवातीला फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामके देतात. सांध्याची सूज हटेना, तर सोनोग्राफीत सुई पाहत स्टेरॉइड सांध्यातच टोचतात. वाढत्या शिंगराची चंदी बेताने कमी करून वाढ मंदावण्याचाही उपाय आहे. मणके धातूच्या नळकांड्याने सांधण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत रुळली. तिने घोडा सुधारतो, पूर्ववत होईलच असे नाही, शिवाय भूल उतरताना पडण्याचा धोका असतोच.

अडचण खरी तर वेळापत्रकाची. मुंबईचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. इंडियन डर्बी ही मोठी शर्यत फेब्रुवारीत, चार वर्षांच्या घोड्यांसाठी. बरे व्हायला कित्येक महिने लागतात, आणि वेदनाशामकावर बरा दिसणारा घोडा पळवायला काढणे म्हणजे जॉकीचा जीव टांगणीला लावणे. झोकांडी कायम असलेल्या घोड्यावर स्वार बसवू नये, मोतद्दारानेही त्याला अरुंद जागेत एकट्याने हाताळू नये.