गोवा ‘एकही गोळी न झाडता’ मुक्त झाला का?

‘१९६१ साली गोवा एकही गोळी न झाडता मुक्त झाला’, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. एखाद्या युद्धवार्ताहराने पुढे इतिहासकार होऊन पणजीतील जल्लोष रंगवला, तर वाचकाचा असा समज होणे स्वाभाविक आहे; त्याने पाहिलेले खरे असले, तरी ते एकाच ठिकाणचे असते. १८ डिसेंबरला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर सात भारतीय नौसैनिक धारातीर्थी पडले, आणि मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौका ‘अफोंसो द आल्बुकेर्क’ तोफांच्या माऱ्याने निकामी झाली. म्हणून असे वर्णन वाचताना त्याचा लेखक त्या दिवशी नेमका कुठे होता हे आधी पाहावे, मग दोन्ही बाजूंच्या नौदलांच्या नोंदी ताडून पाहाव्यात. त्या सात जणांचे स्मारक गोव्यातच आहे.